जुन्या प्रती किती दिवसांच्या ठेवाव्यात? नॅसच्या इन्क्रिमेंटल बॅकअपविषयी

आपला प्रश्न मला समजला तो असा. सांगलीत हरभट रोडजवळ आपले करसल्लागार कार्यालय आहे. तेथे चार डिस्कांचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी साठवणीची पेटी) रेड-५ मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशा मांडणीत, चालतो आणि त्यावर अशिलांचा टॅलीचा डेटा, स्कॅन केलेली कागदपत्रे व पाच संगणकांवरून रोज रात्री येणाऱ्या आउटलुकच्या पीएसटी फायली (यांत मेल साठतात) मिळून सुमारे १.६ टीबी डेटा आहे. पूर्वी दर रात्री संपूर्ण प्रत ४ टीबीच्या यूएसबी डिस्कवर जात असे आणि सकाळी कार्यालय उघडले तरी ते काम चालूच असे, म्हणून कोणीतरी इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेले तेवढेच उचलणारा, बॅकअप लावून दिला व ३० आवृत्त्या ठेवण्याची सोय केली. तरीही चार आठवड्यांतच डिस्क भरली. आता आवृत्त्या १० वर आणाव्यात, की ८ टीबीची डिस्क घ्यावी, आणि दर रविवारी फुल (संपूर्ण) बॅकअप घेतलाच पाहिजे का, हे आपण विचारले आहे.

मी गेली अठरा वर्षे सांगली, मिरज आणि कराड येथील लहान कार्यालयांची नेटवर्क सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतो की या दोन पर्यायांपैकी एकही आत्ता निवडू नये. डिस्क का भरली हे आपल्याच आकड्यांवरून कळते, त्याकडे मी पुढे येईन. त्याआधी ३० हा आकडा आला कोठून, हे पाहू. बहुधा तो सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून लिहिलेला होता आणि लावून देणाऱ्याने तो तसाच राहू दिला. जुन्या प्रती किती मागेपर्यंत हव्यात हे डिस्कवर मावते किती यावरून ठरत नसते. एखादी फाइल बिघडली किंवा पुसली गेली, तर ते आपल्या कार्यालयात कोणाच्या आणि किती दिवसांनी लक्षात येईल, यावरून ते ठरते.

मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीवर मी हा धडा शिकलो, आणि त्यात चूक माझी होती. तेथेही मी ३० दिवसांचीच मुदत ठेवली होती. दिवाळीच्या आवराआवरीत दिवाणजींनी नॅसवर दोनदा दिसणारे एक फोल्डर नको म्हणून पुसले. प्रत्यक्षात ती टॅलीतील मागील वर्षाची कंपनी, म्हणजे त्या वर्षाच्या हिशेबाचा सगळा संच, होती. नवीन वर्षाचे काम रोज व्यवस्थित चालू होते, त्यामुळे कोणालाच काही जाणवले नाही. मे महिन्यात एका जुन्या बाकीवरून वाद निघाला, तेव्हा ती खतावणी उघडायला गेले आणि फोल्डर नाही असे दिसले. बॅकअप एकही रात्र चुकला नव्हता, लॉगमध्ये (बॅकअपच्या रोजच्या नोंदीत) सगळीकडे यशस्वी असेच लिहिलेले होते, आणि पुसलेले फोल्डर असलेली शेवटची प्रत डिसेंबरातच मुदत संपून नाहीशी झाली होती.

आपल्या कार्यालयात तर याहून अधिक सावध राहावे लागेल. करसल्लागाराकडील बहुतेक अशिलांच्या फायली जुलै ते ऑक्टोबर या विवरणपत्रांच्या आणि ऑडिटच्या हंगामात उघडतात, नंतर वर्षभर तशाच पडून राहतात. नोव्हेंबरात बिघडलेली फाइल पुढच्या जुलैत उघडली जाणार असेल, तर तीस दिवस काय आणि नव्वद दिवस काय, दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात. एक पूर्ण हंगाम आणि त्यावर काही महिने इतके मागे जाता आले पाहिजे, म्हणून आपल्यासारख्या कार्यालयासाठी मी अठरा महिन्यांची मर्यादा धरतो. रोज सगळ्या फायली हाताखालून जातात अशा मेडिकल दुकानाला मी इतकी मुदत सांगणार नाही.

आता डिस्क भरण्याविषयी. आपण दिलेल्या लॉगप्रमाणे रोजची भर सुमारे ८४ जीबी आहे. १.६ टीबीच्या पहिल्या प्रतीनंतर ४ टीबीच्या डिस्कवर २,४०० जीबी उरतात, आणि त्याला ८४ ने भागले की अठ्ठावीस दिवस येतात. म्हणजे डिस्क नेमकी जेव्हा भरायची तेव्हाच भरली. पण एका करसल्लागार कार्यालयात दिवसाला ८४ जीबीचे काम होते, यावर माझा विश्वास बसत नाही. पाच पीएसटी फायली प्रत्येकी १६ जीबीच्या धरल्या तर ८० जीबी होतात, आणि उरलेले ४ जीबी हे आपले खरे काम आहे.

असे होण्याचे कारण म्हणजे इन्क्रिमेंटल या शब्दाचे दोन अर्थ होतात. आपल्याकडे लावलेला प्रकार फाइलच्या पातळीवर चालतो. फाइलचा आकार किंवा शेवटच्या बदलाची वेळ वेगळी दिसली की तो ती फाइल आख्खी पुन्हा उचलतो. सोळा जीबीच्या पीएसटीत एका ओळीची मेल आली तरी सोळा जीबीची नवी प्रत पडते. आउटलुकने पीएसटी नुसती उघडली तरी तिची वेळ बदलते, त्यामुळे वर्षानुवर्षे नवीन मेल न आलेल्या जुन्या पीएसटीही रोज बदललेल्या दिसतात. दुसरा प्रकार फाइलचे लहान तुकडे करून फक्त बदललेले तुकडे साठवतो. बॉर्ग आणि रेस्टिक ही साधने तशी आहेत, आणि अनेक नॅसच्या स्वतःच्या बॅकअप ॲपमध्येही ही सोय असते. आपल्या नॅसवर ती आहे का, हे मॉडेल पाहूनच सांगता येईल. ती नसेल तरी अडत नाही. जुन्या वर्षांच्या पीएसटी आउटलुकमधून काढून घ्याव्यात म्हणजे त्यांना रोज हात लागणार नाही, आणि चालू पीएसटींसाठी वेगळे काम लावून आठवड्यातून एकदाच, चार आवृत्त्यांपुरता बॅकअप घ्यावा. त्याला फार तर ३२० जीबी लागतील.

याच जातीची आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती मार्चअखेरीस हमखास घडते. कोणीतरी उत्साहाने ‘अशील’ या फोल्डरचे नाव बदलून ‘अशील जुने’ करते. नॅसला ते क्षणाचे काम असते. फाइलच्या पातळीवरील बॅकअपला मात्र जुने फोल्डर पुसले गेले आणि तितक्याच आकाराचे नवे आले असे दिसते, आणि त्या रात्री चारपाचशे जीबी पुन्हा चढतात. नावे बदलायची असतील तर ती वर्षातून एकदा, ठरवून बदलावीत.

रविवारच्या फुल बॅकअपचे उत्तर मात्र साधन कोणते आहे त्यावर अवलंबून आहे. काही सॉफ्टवेअर एक फुल घेऊन त्यापुढे प्रत्येक रात्रीचा बदल स्वतंत्र बंद फायलीत साठवतात. बुधवारची स्थिती परत मिळवायची तर फुल, सोमवार, मंगळवार आणि बुधवार हे चारही दुवे शाबूत असावे लागतात, आणि मधला मंगळवार खराब असला तर पुढचे सगळे लंगडे पडते. अशा साधनात साखळी लांबवू नये. मी महिन्याला एक फुल घेतो आणि तीस दुव्यांपलीकडे कधीच जात नाही. डिफरन्शियलमध्ये प्रत्येक रात्री शेवटच्या फुलनंतरचा सगळा बदल घेतला जातो, म्हणून परत मिळवताना दोनच दुवे लागतात, पण जागा अधिक जाते.

आरसिंक या फायली उतरवण्याच्या साधनाच्या हार्ड लिंक पद्धतीत साखळी नसते. प्रत्येक दिवसाचे फोल्डर उघडले की त्यात संपूर्ण डेटा दिसतो, आणि न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असून सगळ्या दिवसांची फोल्डरे तिच्याकडेच बोट दाखवतात. यात रविवारचा वेगळा फुल घेण्याला अर्थ उरत नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. यूएसबी डिस्क एक्सफॅट या फाइल-पद्धतीत फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर हार्ड लिंक होतच नाहीत, आणि रोज संपूर्ण प्रत पडू लागते. डिस्क ईएक्सटी-४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करून घ्यावी. आणि नव्वद दिवसांची नव्वद फोल्डरे दिसली तरी न बदललेल्या फाइलची प्रत त्या डिस्कवर एकच आहे. तेवढा सेक्टर खराब झाला की नव्वदही ठिकाणी तीच खराब फाइल उघडते. म्हणून दुसरी, स्वतंत्र डिस्क लागतेच. तुकडे साठवणाऱ्या साधनांचेही असेच आहे, आणि त्यांची तपासणीची आज्ञा महिन्यातून एकदा चालवावी.

आता मुदतीची मांडणी. रोजच्या प्रती अठरा महिने ठेवण्याची गरज नसते. जितके मागे जावे तितक्या प्रती विरळ केल्या तरी चालतात. आमच्या धंद्यात याला आजा, बाप आणि लेक अशी पद्धत म्हणतात. आपल्यासाठी मी शेवटच्या ३० रोजच्या, १२ आठवड्यांच्या आणि १८ महिन्यांच्या प्रती ठेवीन. जागेचा कच्चा हिशेब असा मांडता येतो: रोजच्या ३० प्रतींना प्रत्येकी ४ जीबी म्हणजे १२० जीबी; आठवड्याच्या १२ प्रतींना प्रत्येकी १५ जीबी धरले तर १८० जीबी, कारण आठवडाभर त्याच त्या फायली पुन्हा बदलतात आणि बेरीज सातपट होत नाही; महिन्याच्या १८ प्रतींना प्रत्येकी ४० जीबी, म्हणजे ७२० जीबी. मूळ १.६ टीबी, हे १,०२० जीबी आणि पीएसटींचे ३२० जीबी मिळून २.९ टीबीच्या आसपास होतात, आणि आपली आत्ताचीच डिस्क पुरते. यातले १५ आणि ४० हे आकडे माझ्या इतर कार्यालयांच्या सवयीवरून धरलेले आहेत. आपण पीएसटी बाजूला काढून पंधरा दिवस लॉग पाहावा आणि स्वतःचे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

सेटिंग करताना शब्द नीट वाचावेत. ‘शेवटच्या ३० आवृत्त्या’ आणि ‘शेवटचे ३० दिवस’ या वेगळ्या गोष्टी आहेत. मिरजेतील एका ठिकाणी कोणीतरी बॅकअप तासाला एक असा केला, मुदतीकडे पाहिले नाही, आणि तीस आवृत्त्या म्हणजे सव्वा दिवस झाला. उलट बाजूने, केवळ वयावर पुसणाऱ्या सेटिंगमध्ये बॅकअप काही कारणाने दीड महिना बंद पडला आणि जुन्या प्रती पुसण्याचे काम मात्र चालू राहिले, तर चांगल्या प्रतीही वय झाले म्हणून निघून जातात. ज्या दिवशी बॅकअप झाला असे शेवटचे तीस दिवस, अशी मोजणी साधनात असेल तर तीच निवडावी.

आपण शेवटी विचारले आहे की कायद्याप्रमाणे वह्या आठ वर्षे ठेवायच्या असतात, मग बॅकअपही तितका जुना ठेवावा का. कंपनी कायद्याखाली हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे, आणि जीएसटी कायद्याखाली त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. उदाहरणार्थ २०२३-२४ चे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचे होते, म्हणून त्या वर्षाची कागदपत्रे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत लागतील. पण हे जतनाचे काम आहे आणि ते इन्क्रिमेंटलच्या गळ्यात घालू नये. ऑडिट पूर्ण झाले की त्या वर्षाचा डेटा एकदाच, संपूर्ण स्वरूपात, दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवावा, सोबत तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि खतावण्यांच्या पीडीएफ ठेवाव्यात, कारण आठ वर्षांनी टॅलीची तीच आवृत्ती हाताशी असेलच असे नाही, आणि डिस्कवर वर्षाचे नाव लिहून ती कपाटात ठेवावी. आपल्या अशिलांत प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असतील तर त्यांना हेही सांगावे, की ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे.

बॅकअपची डिस्क कोठे ठेवावी, हा प्रश्न सांगलीकराला फार समजावून सांगावा लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरात माझ्या एका अशिलाच्या दुकानात नॅस टेबलाखाली होता आणि बॅकअपची डिस्क त्याच्याच शेजारी, एकाच यूपीएसवर. दोन्ही चार दिवस पाण्यात होती. रेड-५ एक डिस्क गेली तर सांभाळून घेते. चारही डिस्क चिखलात असताना तिचा काही उपयोग नसतो. त्यांचे काम वाचले ते त्यांच्या बहिणीने जुलैत विट्याला नेलेल्या डिस्कमुळे.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केला. त्यातले दुसरे ठिकाण म्हणजे आपल्यापुरते पुराच्या रेषेबाहेरचे ठिकाण. दुसरी डिस्क गावभागातील घरी नेण्याचा विचार आहे असे आपण लिहिले आहे. गावभाग आणि हरभट रोड एकाच पाण्यात जातात, म्हणून ती डिस्क तासगाव, विटा, कराड असे कोठेही ठेवावी, पण तेथे ठेवू नये. दोन डिस्क आलटून पालटून वापरताना प्रत्येकीसाठी बॅकअपचे स्वतंत्र काम तयार करावे. एकच काम दोन डिस्कांवर आळीपाळीने चालवले की निम्मे दुवे या डिस्कवर आणि निम्मे त्या डिस्कवर पडतात, आणि गरजेच्या वेळी एकीवरही पूर्ण साखळी मिळत नाही.

क्लाउडवर प्रत ठेवायची असेल तर अपलोडचा वेग पाहावा. २० एमबीपीएसने १.६ टीबी चढायला सलग साडेसात दिवस लागतात. नंतरचे रोजचे ४ जीबी मात्र अर्ध्या तासात जातात. पूर आला की इंटरनेटही जाते, हे लक्षात घेता मी क्लाउडला बाहेरगावच्या डिस्कचा पर्याय मानत नाही, जोड मानतो.

यूएसबी डिस्क नॅसला चोवीस तास जोडलेली असणे मला पटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने (फायली कोंडून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसमध्ये शिरून फायली पासवर्डच्या सेव्हन-झिप संचांत कोंडल्या होत्या. त्यासाठी कार्यालयातील कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. नॅस बाहेरून उघडण्याची सोय बंद करावी, बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड रोजच्या कामाच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवावा, आणि बॅकअपचे फोल्डर कोणाच्याही संगणकावर ड्राइव्ह म्हणून दिसू देऊ नये. नॅसवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल-पद्धती असेल तर दर तासाचे स्नॅपशॉट (त्या क्षणी फायली जशा होत्या तशी नोंद) दोन-तीन दिवस ठेवावेत; चुकून पुसलेली फाइल मिनिटात परत मिळते. मात्र स्नॅपशॉट त्याच डिस्कांवर राहतात, म्हणून त्यांना मी बॅकअपमध्ये मोजत नाही. रोजची भर किती, हा आकडा सकाळी मेलने येईल असे करावे. रोज ४ जीबी येणाऱ्या ठिकाणी एका सकाळी ३०० दिसले, तर चहा बाजूला ठेवून आधी नॅसची केबल काढावी, कारण कोणीतरी फोल्डरचे नाव तरी बदललेले असते किंवा फायली कूटबद्ध तरी होत असतात.

बॅकअप रात्री अकरानंतर ठेवावा आणि त्याआधी सगळीकडे टॅली बंद असल्याची खात्री करावी. उघड्या कंपनीची प्रत घेतली तर फायली एकमेकींशी न जुळणाऱ्या क्षणांच्या येऊ शकतात, आणि बॅकअप यशस्वी दिसूनही कंपनी उघडत नाही.

हे सगळे खरोखर चालते की नाही, हे परत मिळवून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका अशिलाचे नाव चिठ्ठीने काढतो, त्याचा सहा महिन्यांपूर्वीचा डेटा वेगळ्या संगणकावर उतरवतो, टॅलीत उघडतो आणि त्या तारखेची तेरीज छापील प्रतीशी ताडून पाहतो. पाऊण तास जातो. कराडच्या एका वकिलांकडे याच तपासणीत सापडले की त्यांची काही खरेदीखते बॅकअपमध्ये कधी गेलीच नव्हती. त्यांचे लेखनिक फाइलला गट नंबर, गाव, दोन्ही पक्षांची नावे आणि तारीख असे मराठीत पूर्ण नाव देत. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट असते, काही नॅसच्या कूटबद्ध फोल्डरमध्ये ती १४३ बाइटच राहते, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर व प्रत्येक काना-मात्रा तीन-तीन बाइट घेते. म्हणजे कूटबद्ध फोल्डरमध्ये सत्तेचाळीस चिन्हांत नाव संपावे लागते. त्यांचा मूळ डेटा साध्या फोल्डरमध्ये होता, बॅकअप कूटबद्ध फोल्डरमध्ये जात होता, आणि लांब नावाच्या फायली लॉगमधल्या एकेका ओळीनिशी रोज वगळल्या जात होत्या. आपल्या स्कॅनची नावे मराठीत असतील तर लॉगमध्ये वगळलेल्या फायलींची संख्या आजच पाहावी.

बदल करताना क्रम असा ठेवावा. आत्ता भरलेली डिस्क पुसू नये. ती काढून तारीख लिहून बाजूला ठेवावी. दुसरी ४ टीबीची डिस्क घेऊन तिच्यावर पीएसटी वगळून नवे काम सुरू करावे, पंधरा दिवसांनी आकडे तपासून वरील मुदती लावाव्यात, आणि त्या डिस्कवरून किमान दोन अशिलांचा डेटा परत उतरवून टॅलीत उघडून पाहावा. दोन्ही तेरजा जुळल्या की मग जुनी डिस्क ईएक्सटी-४ मध्ये फॉरमॅट करून बाहेरगावी जाणाऱ्या जोडीत घ्यावी.